बाईंच्या बाजूचा ब्रेक

ज्या बाईंनी मला गाडी शिकवली, त्या शिकवताना रस्त्याकडे बघत नसत. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. देवाशप्पथ, नाही लावत. भांडुपचा एलबीएस रोड, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांनी खाऊन उरलेली दीड लेन, डावीकडून रिक्षा, उजवीकडून पाण्याचा टँकर, आणि बाई डाव्या सीटवर चक्क आडव्या बसून माझ्या मानेकडे बघतायत.

"बाई, पुढे बघा ना!"

"रस्त्यार बघूक तू आसंस. मी तुका बघतंय. मान ताठली तुजी. रिक्षाक भियालंस ना?"

भ्यायले होतेच. रिक्षा अजून वळायची होती, पण माझी मान आधीच कडक झाली होती. ते बाईंना कळलं आणि मला स्वतःला कळलं नव्हतं. ह्याचा मला तेव्हा फार राग यायचा. शिकायला आलेल्या माणसाला इतकं उघडं पाडायचं असतं का?

बाईंचं नाव सांगत नाही. त्यांना आवडायचं नाही, आणि सगळं भांडुप त्यांना बाईच म्हणायचं. भावाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, भाऊ गेला, आणि बाईंनी ते दोन दिवससुद्धा बंद ठेवलं नाही. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "खंयच्याच बापयाचो ब्रेक माका पसंत पडलो नाय." साठी उलटलेली, अंगाने काटकुळ्या, कायम सुती पाचवारी. डाव्या पायात कॅनव्हासचा बूट आणि उजवा पाय अनवाणी. गाडीत शिरताना उजव्या पायातला बूट काढून मागच्या काचेपाशी ठेवायच्या. का, तर ब्रेक पायाच्या तळव्याला कळायला हवा म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, बूट विकायला ठेवलाय.

शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. बाईंनी आपल्या बाजूच्या दोन्ही पेडलना घुंगरू बांधले होते. नाजूक नाहीत, बैलाच्या गळ्यातले, चांगले जाडजूड. बाईंनी पाय लावला की छन्न! पहिला आठवडा माझी गाडी वरातीसारखी वाजत गेली. टपरीवरची पोरं चहा थांबवून बघायची. एक दिवस मी चिडून म्हटलं, "काढा ना ते, लाज वाटते मला."

"वाटाकच होयी," बाई म्हणाल्या. "वाजला म्हणजे गाडी मी चलवलंय. वाजाक नाय म्हणजे तू. ह्या तुका कळाक नको?"

मला नको होतं. कुणालाच नको असतं. माझी मामेबहीण घाटकोपरला दुसऱ्या एका मास्तरांकडे शिकली. ते मास्तर मोठे प्रेमळ. बाजूने गुपचूप ब्रेक मारायचे, गुपचूप क्लच दाबायचे आणि वर "वा, छान!" म्हणायचे. तिला लायसन मिळालं, पेढे वाटले, आणि नवऱ्याची गाडी घेऊन पहिल्याच दिवशी ती निघाली ती थेट वडापाववाल्याच्या कढईपासून एक वीत अंतरावर थांबली, तीसुद्धा फुटपाथचा दगड आडवा आला म्हणून. रडत मला म्हणाली, "अगं, क्लासच्या गाडीत थोडं घाबरलं की गाडी आपोआप थांबायची!" तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मी तेव्हा पोट धरून हसले. पुढे माझी सगळी नोकरी त्या 'आपोआप'वर उभी राहणार होती, हे मला काय माहीत!

टोपाची गोष्ट सांगायलाच हवी. मधूनच बाई स्टिअरिंग स्वतःच्या हातात घ्यायच्या आणि परत मला द्यायच्या. ह्या देण्याघेण्यात मी नेहमी गडबडायचे. एका रविवारी सकाळी त्यांनी मला टेंभीपाड्याला घरी बोलावलं. मला वाटलं पेज आणि सुका बांगडा मिळेल. मिळाला, पण नंतर. आधी त्यांनी मोठा टोप पाण्याने काठोकाठ भरला, एक कान स्वतः धरला आणि दुसरा माझ्यापुढे केला.

"धरलंस?"

"हो."

"हो नको. धरलंय म्हण. आणि धरल्याबिगर म्हणा नको."

चाळीच्या पॅसेजमध्ये, शेजारणी दारात उभ्या राहून बघतायत आणि आम्ही दोघी टोप इकडून तिकडे. आठव्या की नवव्या वेळी मी कंटाळून नुसतंच "धरलंय" म्हटलं. बाईंनी त्याच क्षणी सोडला. माझी जीन्स गुडघ्यापासून चिंब, टोप ठणठणत जिन्यापर्यंत, आणि शेजारणी फिदीफिदी.

"अहो बाई, दिसत होतं ना मी धरला नव्हता ते!"

"तू म्हटलंस, मी सोडलंय. उद्या गाडयेत म्हणशीत तेवा माका दिसतला काय?"

आता माझ्या नोकरीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंधेरीला मरोळमध्ये आमचं ऑफिस आहे. बऱ्यापैकी स्वतःची स्वतः चालणारी गाडी करणाऱ्यांसाठी आम्ही काम करतो. गाडी कशी चालते ते दुसरे लोक बघतात. आमचा विभाग माणसाचा, म्हणजे असल्या गाडीत बसल्यावर माणूस काय काय वेडेपणा करतो, ते बघायचं. ही गाडी लेन धरते, अंतर ठेवते, ब्रेक मारते, पण एखाद्या ठिकाणी तिला समजेनासं होतं आणि ती म्हणते, आता तुम्ही घ्या. तोवर माणूस फोनमध्ये, नाहीतर भेळेत, नाहीतर सासूशी झालेल्या भांडणात. त्याला जागं कसं करायचं आणि गाडी त्याच्या हातात कशी द्यायची, हे माझं काम. अवघड आहे. आमच्याकडचे भलेभले हुशार लोक त्यात तोंडावर पडलेत.

मी काय केलं असेल? टोप चोरला. माणसाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट आणि डोळे रस्त्यावर आल्याशिवाय गाडीने सोडायचंच नाही, आणि दोघांनी एकमेकांना तसं कळवायचं, अशी रचना मी मांडली. माझा मॅनेजर केतन, मुलुंडचा, भारी हुशार मुलगा, एकदम खूश झाला. "झकास यार! सुचलं कसं तुला?" मी नुसती हसले. बाईंचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं.

मग मला चटकच लागली. दर शनिवारी मी वही घेऊन बाईंकडे जायला लागले आणि त्या जे काही विचित्र करतील ते लिहून घ्यायला लागले. बाईंनाही आमच्या गाडीचं विलक्षण कुतूहल. बांगडे साफ करता करता विचारायच्या.

"ती गाडी आपणाक जमणा नाय म्हणता, ता आधी म्हणता काय मागसून?"

"आधीच म्हणते बाई. पण कधी कधी अगदी आयत्या वेळी."

"म्हणजे आमच्या काकासारी. वर्षभर 'मी आसंय ना' म्हणतलो आणि पानार बसाच्या टायमाक सांगतलो, गॅस संपलो." मग पुढचा बांगडा उचलून, "वाईट नाय गो ती गाडी. तिका लाज वाटत असतली. जमणा नाय ह्या सांगाक कोणाक बरा वाटता?"

मी ते लिहून घेतलं. बाईंचं काहीही मी लिहून घ्यायचे. इतकं की त्या शिंकल्या असत्या तरी मी त्यात काहीतरी तत्त्व शोधलं असतं. आणि इथेच माझी वाट लागली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी एकदा त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेले, फक्त बघायला. गाडी चालवत होत्या मुलुंडच्या देसाईकाकू. बावन्न वर्षांच्या, नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं होतं, म्हणून शिकत होत्या. भित्र्या इतक्या, की समोरून बस आली की डोळे मिटायच्या. तर मला दिसलं, बाईंनी पद्धत बदललीय. उजवा हात सतत दोन सीटमधल्या हँडब्रेकवर. आणि घुंगरू गप्प. वीस मिनिटांत एकदाही वाजले नाहीत.

सोनापूरच्या सिग्नलअलीकडे एक हातगाडीवाला पत्र्यांच्या फटीतून एकदम पुढे आला. काकू किंचाळल्या. बाईंनी हँडब्रेक खस्सकन वर ओढला. गाडी थांबली, हातगाडीपासून हातभर अंतरावर. हातगाडीवाल्याने आम्हा तिघींच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. काकू म्हणाल्या, "बाई, तुम्ही होतात म्हणून वाचलो." बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

मी मागे बसून काय करत होते? वहीत लिहीत होते. 'हात! पाय नाही, हात! घाबरलेल्या माणसाचा पाय गोंधळतो, हात गोंधळत नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर बाई पायावरून हातावर आल्या!' माझ्या जागेवरून मला त्यांचा हात दिसत होता. पाय दिसत नव्हता. पण मला काय, नवीन तत्त्व मिळालं होतं. पुढच्या आठवड्यात मी त्यावर अख्खं प्रेझेंटेशन ठोकून दिलं. ह्या वेळी बाईंचा उल्लेखही केला, फोटोसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत हाताशी एक जादा ब्रेक द्यावा, असं ठरायच्या बेताला आलं. केतन म्हणाला, "तुझ्या बाईंना एकदा घेऊनच ये. आपल्या सीटवर बसवू, त्यांचं मोजमाप घेऊ."

आमच्या ऑफिसात एका खोलीत गाडीची सीट आहे. स्टिअरिंग, पेडल आणि समोर भिंतभर पडदा. पडद्यावर रस्ता पळतो, गाडी आपली आपण चालते, मग कधीतरी बाई-माणसाच्या आवाजात सांगते, 'ताबा घ्या', आणि समोर काहीतरी आडवं येतं. आवाज झाल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत किती वेळ गेला, ते मशीन मोजतं.

बाई ठेवणीतली चंदेरी नेसून आल्या. आल्या आल्या वॉचमनला विचारलं, जेवलास का. केतनला विचारलं, लग्न झालं का आणि नाही तर का नाही. मग खोलीत शिरल्या, उजव्या पायातला बूट काढला आणि सीटवर ऐटीत बसल्या. मला इतका अभिमान वाटत होता म्हणून सांगू! माझी आईच परीक्षेला बसली होती जणू.

रस्ता पळू लागला. 'ताबा घ्या.' "धरलंय!" बाई खणखणीत म्हणाल्या. हात स्टिअरिंगवर घट्ट, डोळे रस्त्यावर, सगळं तत्काळ. आणि पडद्यावरचा ट्रक अंगावर आला.

केतनने वायरी तपासल्या. "सॉरी बाई, पेडल अडकत असेल." पुन्हा. पुन्हा ट्रक. तिसऱ्यांदा मी खाली वाकून बघितलं. बाईंचा पाय ब्रेकवर नव्हताच. ब्रेकच्या डाव्या अंगाला, नुसत्या लोखंडी पट्टीवर होता, आणि बाई तीच पट्टी जीव खाऊन दाबत होत्या. मग त्यांनी खाली बघितलं, पाय उचलला आणि ब्रेकवर नेऊन ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बाकीच्यांचा ब्रेक 'एक' म्हणेस्तोवर लागतो. बाईंचा लागेपर्यंत एक, दोन, तीन, चार म्हणून झालं असतं.

पट्टीवर लाल डाग होता. मी त्यांचा पाय हातात घेतला. स्टेपलरची पिन, आमच्या ऑफिसच्या कार्पेटमधली, तळव्यात मुळापर्यंत घुसली होती.

"बाई, दुखत नाही?"

"काय?" बाई म्हणाल्या.

मी पिन काढली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. केतन मला पॅसेजमध्ये घेऊन गेला. "वय झालंय त्यांचं, काही बोलू नकोस. त्यांचे आकडे आपण धरायचेच नाहीत. शाल-श्रीफळ आणलंय, फोटो काढू, छान निरोप देऊ. कशाला दुखवायचं?" आणि तो काही वाईट मुलगा नाही हो, मनापासूनच म्हणत होता. खरं सांगायचं तर मलाही तेच करावंसं वाटत होतं. शाल पांघरावी आणि रिक्षात बसवून द्यावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता देसाईकाकूंचा क्लास होता, डोळे मिटणाऱ्या देसाईकाकूंचा, आणि त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर हाच पाय असणार होता.

पॅन्ट्रीत बाई पायाला बँडेड लावून कॉफी पीत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. तोंड उघडलं तर बाहेर काय पडावं? "बाई, ते मशीन जरा..."

"मशीनाक काय झाला?"

"मशीनला काही नाही झालं," मी म्हटलं. आणि मग मला रडूच आलं. "बाई, तुम्हाला पाय कळत नाहीये. तुमचा पाय ब्रेकवर नव्हता आणि तुम्हाला वाटत होतं की आहे. उद्यापासून त्या सीटवर बसू नका. कुणाचा तरी जीव जाईल."

बाईंनी कप खाली ठेवला.

"गणपतीपासून तसा आसा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालो साखर. आधी मुंग्यो येयत, मगे त्योय बंद झाल्यो. म्हटलं, हातान निभावतलंय. हँडब्रेकार हात ठेवलंय. कोणाक कळाक नाय."

"मला तर कळायला हवं होतं! मी त्यावर प्रेझेंटेशन केलं, बाई. तुमची नवी पद्धत म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पॅन्ट्रीतली माणसं वळून बघायला लागली. "शिरा पडो तुज्या तोंडार! माजी लबाडी, आणि तू ती सजवून लोकांक शिकयलंस?" हसता हसता त्यांचा आवाज फिरला. "मी गाडयेत बसाचा सोडलंय, तर सकाळी उठान करू काय गो? सांग माका. तुज्या त्या गाडयेक इचारून सांग."

मी त्यांचा हात धरून बसले, बस.

शाल-श्रीफळ बाईंनी घेतलं नाही. केतनला म्हणाल्या, "माजे आकडे काढून टाकू नको हां. माज्यासारखी म्हातारी माणसा तुमच्या गाडयेत बसाची नाय काय?" केतनने मान खाली घातली. आकडे ठेवले. हाताच्या ब्रेकचा प्रस्ताव मी दुसऱ्या दिवशी स्वतःच मागे घेतला, सगळ्यांसमोर कारण सांगून. शिव्या खाल्ल्या. खायलाच हव्या होत्या.

बाई ऑफिसात आल्या त्याच दिवशी मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायला निघाले. पवईला नेहमीसारखं तुंबलं होतं. बाईंनी पिशवीतून फोन काढला, स्पीकरवर लावला आणि एकेका विद्यार्थिनीला फोन करायला लागल्या. "उद्या येव नको. माज्या उजव्या पायाक ब्रेक कळणा नाय. होय, कायमचा. दुसरो मास्तर बघ, पण तेच्या पायाकडे लक्ष ठेव."

मी म्हटलं, "बाई, तब्येत बरी नाही म्हणा ना नुसतं."

"तब्येत बरी आसा. पाय बरो नाय. भलताच कित्याक सांगू?"

सात फोन झाले. सात वेळा तेच वाक्य, पूर्ण. प्रत्येक फोननंतर त्या पदराने फोनची काच पुसायच्या. देसाईकाकूंचा नंबर त्यांनी शेवटी ठेवला होता.

काकू ऐकेनात. "मी नाही दुसरीकडे जाणार. मला नाही जमायचं, बाई. तुम्ही बाजूला असता म्हणून तर मी चालवते. त्या दिवशी हातगाडीच्या वेळी तुम्ही नसतात तर? ह्यांना दवाखान्यात नेणं राहू दे, मीच तुरुंगात असते."

मागचा बसवाला हॉर्न वाजवत होता, मी पुढे घेतली नाही.

"त्या दिवशी गाडी मी थांबवूक नाय," बाई म्हणाल्या.

"असं काय करता? तुम्ही हँडब्रेक ओढलात. मी बघितलं."

"ओढलंय. पण माका उशीर झालो. तेच्या आधी गाडी थांबलली. तुजो पाय ब्रेकार होतो, पुरो, खालपर्यंत. माका तेवाच दिसलो. तुका सांगूक होया होता, सांगूक नाय. माजी लाज माका आड इली."

पलीकडे मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"मी?" काकू म्हणाल्या. "मी थांबवली?"

"मगे कोणी?" बाई म्हणाल्या. "मी फकत बाजूक बसललंय."